कान्होबाने ऐकलेलं 'बराबर'

अंबाकिस्ये मला दादा म्हणायचा आणि मी त्याला काका म्हणायचे. यात कोणाचीही चूक नाही. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. शिवाय तिथे मामा म्हणजे आई. आमचे प्रकल्पप्रमुख नलवडे साहेब बाजारातल्या भाजीवालीला मोठ्या आदराने "मामा, बटाटे द्या" म्हणायला शिकले आणि ते कौतुकाने घरी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या मिसेसनी शांतपणे विचारलं होतं, "तुम्हाला तिथलं पाणी बाधलंय का?"

मी वृंदा चौगुले, कराडची. दख्खन सेतू नावाच्या कंपनीत करारांचं काम बघते. टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, न्जोंबेच्या पुढे जिथे चहाचे मळे संपतात, तिथे एका खोल दरीवर आमचा पूल चालला होता. सकाळी धुकं इतकं असायचं की पुलाचं एक टोक दिसायचं आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवावा लागायचा. हवा महाबळेश्वरची, माती आमच्या कोयनेकाठची तांबडी, आणि मेसमध्ये उगाली नावाची मक्याची घट्ट उकड. मी तिथे सुखात होते, हे आधीच सांगून टाकते.

परदेशात पूल बांधायचा तर दर वेळी नवा करार कोणी लिहीत बसत नाही. जगभर चालणारा एक नमुना करार असतो, तो उचलायचा. माझी एक सोपी व्याख्या आहे. नमुना करार म्हणजे मंगलाष्टका. सगळ्या लग्नांत त्याच. खरी गंमत असते याद्यांच्या बैठकीत, जिथे कोणी काय करायचं हे दोन्हीकडचे मामा ठरवतात. करारातही मागे अशा याद्या जोडलेल्या असतात, आणि नवखा कंत्राटदार मंगलाष्टका वाचून खूश होतो आणि याद्यांमध्ये मरतो. बाकी पात्रं तीन. ज्याला पूल हवा तो मालक. आमच्या कामात तिथलं एक प्रांतिक सेतू प्राधिकरण. बांधणारे आम्ही, कंत्राटदार. आणि अभियंता, ज्याला मानधन मालक देतो पण ज्याने निवाडा दोघांना सारखा द्यायचा असतो. वधूपक्षाने आणलेला भटजी म्हणा ना. अंबाकिस्ये म्वाकालिंगा हा त्या अभियंत्याचा साइटवरचा माणूस. आमची पोरं त्याला आंबेसाहेब म्हणायची.

आणि कंत्राटदाराने मरेपर्यंत विसरायची नाही अशी एक गोष्ट म्हणजे सूचना. काही अडलं, काही अनपेक्षित निघालं, तर ठरल्या मुदतीत सांगायचं. नाही सांगितलं तर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, हक्क गेला. मला हे काम शिकवणारे गोडबोले सर म्हणायचे, "इतिहासातली सर्वांत यशस्वी नोटीस कोणती? 'सावधान'. बोहल्यावर वेळेत कानी पडली आणि रामदास स्वामी वेळेत पळाले."

आता कान्होबाबद्दल.

नमुना कराराची जी नवी आवृत्ती आमचा करार होण्याआधी आली, तिने कराराला कान दिले. त्याआधी मोठ्या कामांवर काय व्हायचं, तर लोक दिवसभर एक बोलायचे आणि संध्याकाळी दुसरंच लिहायचे. मग वर्षानुवर्षं लवाद. नव्या आवृत्तीत ठरलं की साइटवर जे बोललं जाईल तेच खरं धरायचं. प्रत्येकाच्या हेल्मेटच्या पट्ट्यात एक चपटी कळ बसवली, ती आवाज हवेतून नाही तर जबड्याच्या हाडातून घ्यायची, म्हणजे ड्रिलिंगचा गोंगाट असला तरी बोलणं स्वच्छ. फोनवरचं कामाचं बोलणंही तिच्याकडेच जायचं. अधिकृत नाव लांबलचक होतं. टांझानियन मंडळी त्याला 'सिकिओ' म्हणायची, म्हणजे कान. आम्ही अर्थात कान्होबा.

कान्होबा नुसते शब्द टिपत नव्हता. माणसाची काही वाक्यं माहिती देतात आणि काही वाक्यं स्वतःच एक कृती असतात. "पाऊस पडतोय" ही माहिती. "मी वचन देतो" हे म्हणताक्षणी वचन दिलं गेलेलं असतं, वेगळं काही करावं लागत नाही. जगभरच्या हजारो पूर्ण झालेल्या कामांचे संवाद ऐकून कान्होबा हे ओळखायला शिकला होता: कोण बोललं, कोणत्या अधिकाराने, आवाज कुठे खाली आला, समोरच्याने पुढे काय केलं. त्यावरून तो प्रत्येक बोलणं चार खणांपैकी एकात टाकायचा. माहिती, सूचना, आदेश आणि कबुली. भाषांचं त्याला वावडं नव्हतं. एकाच वाक्यात तीन भाषा आल्या तरी आजूबाजूच्या शब्दांवरून कोणता शब्द कोणत्या भाषेतला याचा तो अंदाज बांधायचा. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. लग्नं जुळवणारेही एवढंच सांगतात.

तिसऱ्या खांबाच्या पायाशी सगळं घडलं. निविदेसोबत मालकाने जी माती-तपासणी दिली होती, तीत तिथे कठीण खडक होता. आमचं ड्रिलिंग मशीन खाली गेलं ते थांबेचना. खडकाच्या जागी निळसर चिकणमाती, आणि तिच्यात जिवंत झरा. बघता बघता मशीन एका अंगाला कललं. कोणाला लागलं नाही, पण पोरांचे चेहरे उतरले आणि नलवडे साहेबांच्या तोंडून जे निघालं ते कान्होबाने कोणत्या खणात टाकलं मला माहीत नाही.

अंबाकिस्ये गमबूट घालून चिखलातून आला. काठावर उभा राहून त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे. "सॉरी, दादा," तो म्हणाला. "सॉरी साना. या मातीने तुम्हाला फार त्रास दिला."

तिथे कोणाच्या हातून कप पडला तरी बघणारा माणूस "सॉरी" म्हणतो. कप त्याने पाडलेला नसतो. त्यांचा 'पोले' नावाचा शब्द आहे, दुसऱ्याच्या दुखण्यावर फुंकर घालणारा, आणि फारच वाईट वाटलं की मागे 'साना', म्हणजे खूप. इंग्रजी बोलताना ते त्यालाच 'सॉरी'चा सदरा घालतात. ठेच दुसऱ्याला लागते आणि "आई गं!" आपण म्हणतो, तसंच. मला ते ऐकून बरं वाटलं. मी त्याला म्हटलं, "असू दे काका, बघू काय ते." आणि नियमाप्रमाणे, गोडबोले सरांच्या आठवणीने, संध्याकाळच्या आत मी माझी सूचना वेगळी, रीतसर देऊन टाकली: अनपेक्षित माती निघाली आहे, मुदतवाढ लागेल.

तिची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कान्होबाची नोंद आली. अभियंत्याच्या प्रतिनिधीची कबुली: मालकाने दिलेली मातीची माहिती चुकीची होती. परिणाम: कंत्राटदाराला मागेल तितकी मुदतवाढ, चौकशीशिवाय.

नलवडे साहेबांनी मेसमध्ये शिरा करायला लावला. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा इंजिनीअर सॉरी म्हणाला आणि ते कोणीतरी लिहून घेतलं," ते म्हणाले. "कान्होबा पावला."

मीही शिरा खाल्ला. चांगला झाला होता.

तोंडाची चव गेली ती दोन-तीन दिवसांनी. अंबाकिस्येला प्राधिकरणाने राजधानीत, दोडोमाला बोलावून घेतलं. परवानगीशिवाय मालकाच्या वतीने कबुली दिली म्हणून जाब विचारला. पुढच्या मासिक बैठकीनंतर त्याला साइटवरून काढायचं आणि अभियंत्यांच्या यादीतून नाव कमी करायचं, असं ठरल्यात जमा होतं. म्हणजे नुसता हा पूल नाही. पुन्हा कुठल्याच पुलावर तो अभियंत्याचा माणूस म्हणून उभा राहू शकणार नव्हता.

तो परत आला तो वेगळा माणूस. समोरून आला की मान हलवायचा. बोलायचा नाही. पूर्वी धुकं विरेपर्यंत आम्ही त्याच्या कचेरीच्या पायरीवर आल्याचा चहा घ्यायचो, तंगावीझी म्हणतात तो, आणि दोन भाषांतले सारखे शब्द वेचायचो. साबण-सबुनी. दुकान-दुका. तयार-तयारी. सही म्हणजे आपल्याकडे स्वाक्षरी आणि त्यांच्याकडे साहिही, स्वाक्षरीही आणि अचूकही. आता पायरी रिकामी असायची. नुसता तोच नाही, सगळी साइटच गप्प झाली. कोण जाणे कोणता शब्द कबुली ठरेल! पोरं खुणा करायची. क्रेनवाला शिट्टी वाजवायचा. टांझानियन फोरमन आणि आमचा फोरमन, जे दोघं दिवसभर फुटबॉलवरून भांडायचे, ते एकमेकांना अंगठे दाखवून काम चालवायचे. इतकी शिस्तबद्ध आणि इतकी भकास साइट मी कधी बघितली नव्हती.

मला राग आला. कान्होबाचा आला, प्राधिकरणाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या शिऱ्याचा आला.

म्हणून मी तिसऱ्या खांबाच्या सगळ्या नोंदी मुळापासून ऐकायला बसले. त्याचं "सॉरी साना" तर होतंच. पण त्याच्या पुढच्याच दिवशीची एक नोंद होती, आणि ती माझी होती.

त्या दिवशी अंबाकिस्येचा फोन आला होता. खांब थोडा वरच्या अंगाला सरकवला तर खडक लागेल का, यावर तो त्याचा विचार बोलून दाखवत होता. ठरलेलं काही नव्हतं, नुसता विचार. अर्धं इंग्रजी, अर्धं स्वाहिली. तो बोलत होता आणि मी ऐकत होते. ऐकताना आपण काय करतो? हुंकार देतो. कचेरीत मी 'बरोबर' म्हणते, पण गप्पांत माझी कराडची जीभ सुटते आणि मग 'बराबर… बराबर… बराबर…' असा रहाट चालू होतो. याचा अर्थ पटलं असा अजिबात नाही. याचा अर्थ फोन चालू आहे, मी झोपलेले नाही, पुढे बोला.

स्वाहिलीत 'बाराबारा' म्हणजे रस्ता. आणि दुसरा अर्थ: अगदी योग्य, मान्य, तंतोतंत.

आजूबाजूचे सगळे शब्द इंग्रजी आणि स्वाहिली. त्यात मधेच मराठी येण्याची शक्यता किती? कान्होबाने हिशेब केला आणि निर्णय दिला. कंत्राटदाराची कबुली: खांब सरकवण्यास संमती, वाढीव मुदतीशिवाय. तीन वेळा संमती, कारण बराबर तीन वेळा होतं.

ही नोंद आतापर्यंत कोणाच्या नजरेस पडली नव्हती, कारण त्याची कबुली तिच्यावर भारी पडत होती. मागेल तितकी मुदत मिळालेली असताना मुदतीशिवायच्या संमतीला कोण विचारतो? पण त्याची कबुली काढून घेतली, की खाली माझी उरणार होती.

आता दुरुस्तीचा नियम सांगते, कारण सगळी मेख तिथे होती. आपलं बोलणं फिरवायला कोणालाही आवडेल, म्हणून करार म्हणतो की चुकलेली नोंद फक्त तोच दुरुस्त करू शकतो ज्याचा तिच्यात फायदा आहे. म्हणजे त्याचं 'सॉरी' पुसायचा अधिकार माझा. आणि माझं 'बराबर' पुसायचा अधिकार त्याचा. मग आपसांत ठरवून दोघांनी एकदम पुसावं की! ते चालत नव्हतं. नोंदीच्या बदल्यात नोंद असं काही बोललं गेलं तर कान्होबा ते तडजोड धरणार, आणि तडजोडीत दोन्ही कबुल्या कायमच्या खऱ्या मानल्या जातात. कान्होबाच्या माघारी कामाचं बोलणं तर करारातच बंद. लाचलुचपत नको म्हणून. कोणीतरी एकाने आधी, काही न विचारता, आपलं पान उघडं टाकायचं, एवढीच वाट होती.

मी नलवडे साहेबांना सांगितलं. करारात कंत्राटदाराचा आवाज म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे त्यांची परवानगी लागत नव्हती. पण त्यांना न सांगता करणं मला बरं वाटेना.

त्यांनी कप खाली ठेवला. "ताई, आयतं ताटात वाढून आलंय, ते परत पातेल्यात टाकायचं म्हणता?"

"ते आपलं ताट नाही, साहेब. त्याने कबुली दिलेलीच नाही. आई गं म्हणाला तो."

"बरं, म्हणाला. तुम्ही त्याला मोकळं केलंत. पुढं? त्याला वरून दम दिलेला आहे, गप बस म्हणून. तो गप बसला तर तुमचं बराबर उरतंय. खांब सरकवा, पाया नव्याने खोदा, आणि मुदत आहे तेवढीच. पाच वर्षं आपण इथं घासलीत ती या एका खांबात जातील. मुंबईत बसलेल्यांना काय सांगू? आमच्या ताईंना भाऊ भेटला म्हणून?"

"सांगा."

"आणि तो म्हणजे काही देवमाणूस आहे का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला एवढं माहीत आहे की तो खोटी नोंद खाऊन घरी जाणारा माणूस नाही. आणि मलाही ती पचणार नाही. आपल्या मातीचा दावा खरा आहे, साहेब. सूचना वेळेत दिलेली आहे. खरा दावा हातात असताना खोट्याच्या जिवावर कशाला जगायचं?"

त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "मी अडवत नाही. पण मला हे पटलेलं नाही, एवढं लक्षात असू दे."

हे मी त्यांच्या मोठेपणात धरते. अडवायला त्यांना एक फोन पुरला असता.

मासिक बैठक प्राधिकरणाच्या पत्र्याच्या दालनात असायची. लांब टेबल, भिंतीवर पुलाचं चित्र, शेंगदाण्याच्या वाट्या, आणि कान्होबासाठी सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. प्राधिकरणाच्या दोन महिला अधिकारी आणि एक गृहस्थ दोडोमाहून आले होते. अंबाकिस्ये टेबलाच्या टोकाला, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. तो माझ्याकडे बघत नव्हता.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "कंत्राटदारातर्फे एका नोंदीची दुरुस्ती. तिसऱ्या खांबाजवळ श्री. म्वाकालिंगा 'सॉरी' म्हणाले, ती कबुली नव्हती. तो स्वाहिलीतला 'पोले' होता, इंग्रजी शब्दात बोललेला. त्यांना आमचं वाईट वाटलं. त्यापलीकडे त्यात काही नव्हतं."

कान्होबाचा आवाज प्रत्येकाच्या कानात त्याच्या त्याच्या भाषेत यायचा. माझ्या कानात आला तो आकाशवाणीच्या बातम्यांइतका शुद्ध होता. "ही दुरुस्ती केल्यास कंत्राटदाराला मिळालेली मुदतवाढ रद्द होईल. पूर्वीच्या इतर नोंदी लागू होतील. हा निर्णय परत घेता येणार नाही. आपली खात्री आहे?"

"बरोबर," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचा कोशातला अर्थ मनात धरून.

नोंद पुसली गेली. दोडोमाचे गृहस्थ एका बाईंकडे बघत राहिले. नलवडे साहेबांनी शेंगदाणे पुढे ओढले. अंबाकिस्येने पहिल्यांदा मान वर केली, काही बोलेल असं वाटलं, आणि तो उठून बाहेर गेला. बैठक संपली तरी तो परत आला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. खोटं कशाला बोलू? मला त्याचा राग आला, मग रागाची लाज वाटली, मग पुन्हा राग आला. नलवडे साहेब एका शब्दाने "मी म्हणालो होतो" म्हणाले नाहीत, ते आणखी कठीण गेलं. आईचा फोन यायचा, ती शेजारच्या कोणाकोणाच्या सुनेचं सांगायची, मी बराबर, बराबर म्हणायचे आणि मधेच थांबायचे. ती विचारायची, "अगं, आहेस का?"

एका सकाळी मी तिसऱ्या खांबाच्या काठावर उभी होते. धुकं अजून खाली होतं. पोरं पंप लावून पाणी काढत होती. मागून गमबुटांचा आवाज आला.

अंबाकिस्येच्या हातात थर्मास होता आणि दोन कप. त्याने ते काठावर खाली ठेवले. हेल्मेटचा पट्टा नीट बसवला, आणि इतक्या मोठ्याने बोलला की पंपाजवळचे सगळे वळले.

"अभियंत्यातर्फे एका नोंदीची दुरुस्ती. श्रीमती चौगुले फोनवर 'बाराबारा' म्हणाल्या, ती संमती नव्हती. तो स्वाहिली शब्दच नव्हता. तो त्यांच्या भाषेतला आवाज आहे."

"आधार काय?" कान्होबाने विचारलं.

"आधार? मी रोज सकाळी यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो आहे. तेव्हा यांच्या आईचा फोन येतो. आई तासभर बोलते, आणि या तासभर तोच शब्द म्हणतात. फोन ठेवला की मला सांगतात, आईचं मला एक अक्षर पटलं नाही."

पंपाजवळ आधी टांझानियन फोरमन हसला. मग कोणीतरी मराठीत अर्थ सांगितला आणि आमची सगळी पोरं हसली. त्या दरीत कित्येक दिवसांनी माणसांचा आवाज झाला. मी हसले आणि मला रडूही आलं, दोन्ही एकदम.

नोंद पुसली गेली.

"एवढे दिवस कुठे होतास?" मी विचारलं. काका म्हणायचं राहून गेलं.

"दोडोमाला," तो कपात चहा ओतत म्हणाला. "त्यांची लेखी परवानगी आणायला. परवानगीशिवाय बोलून एकदा हात पोळलेत, दादा. आणि तुला आधी कळवता येत नव्हतं. कळवलं असतं तर ती तडजोड झाली असती."

मला हे सुचलंच नव्हतं. करार मी शिकवते लोकांना!

"मिळाली परवानगी?"

"मी त्यांना विचारलं, कंत्राटदाराने स्वतःहून फायदा सोडला असं तुम्ही कधी बघितलंय? तिघंही म्हणाले, नाही. मी म्हटलं, मग आता आपली पाळी." त्याने माझ्या हातात कप दिला. "हराका हराका हाइना बराका. घाईत बरकत नसते. चहा घे."

त्यानंतर मातीचा दावा रीतसर चालला, जसा चालायला हवा होता. दोन्ही बाजूंनी मिळून नवीन भोकं घेतली, माती वर काढली, चिकणमाती होती तिथे चिकणमाती लिहिली. अंबाकिस्येने निवाडा दिला. अनपेक्षित जमीन, मुदतवाढ मान्य. आम्ही मागितली होती त्यापेक्षा त्याने कमी दिली, आणि कुठे कमी का, हे मुद्देसूद लिहिलं. मी त्याच्याशी दोन दिवस भांडले. त्याने एक पाऊलही मागे घेतलं नाही. नलवडे साहेब म्हणाले, "हा कसला भाऊ!" पण त्यांना तो तेव्हापासून आवडायला लागला.

खांब उभा राहिला, दिलेल्या मुदतीत.

कान्होबालाही शहाणपण शिकवावं लागलं. नमुना करार सांभाळणाऱ्या मंडळाने आमची दोन्ही बोलणी मागवून घेतली आणि विचारलं की अशा शब्दांना कोणत्या खणात टाकायचं. माहिती नाही, सूचना नाही, आदेश नाही, कबुली नाही. मी आणि अंबाकिस्येने पायरीवर बसून पाचवा खण सुचवला. नावावरून पुष्कळ वाद झाला. त्याला 'पोले' हवं होतं. मी म्हटलं, ते फक्त दुःखाचं झालं. आमच्याकडे एक शब्द आहे, विचारपूस. त्याने तो तीन-चारदा म्हणून बघितला. "विचाऽर्पूस. मांजराचं नाव वाटतं," तो म्हणाला, पण मान्य केलं. पुढच्या आवृत्तीत तो खण आला, आणि खाली व्याख्या: विचारपूस म्हणजे ऐकणाऱ्याने किंवा बघणाऱ्याने काढलेला असा उद्गार, ज्यातून फक्त सोबत कळते, कंत्राटी परिणाम काही नाही.

'कंत्राटी परिणाम काही नाही' हे वाचून नलवडे साहेब चक्क पोट धरून हसले. "आख्खा तिसरा खांब उभाय त्याच्यावर," म्हणाले.

एवढं शिकून कान्होबा आता फारच सावध झालाय. शंका आली की विचारतो. पूल खुला झाला त्या दिवशी आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी त्यावरून चालत गेलो, या टोकाकडून त्या टोकाकडे. दुसऱ्या टोकाला धुक्यात एक नवी पाटी उभी होती, पुढच्या गावचा बाण दाखवणारी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत BARABARA लिहिलेलं. मी मान वर करून ती वाचत राहिले आणि कठड्याच्या जोडाला अडखळले.

"सॉरी, दादा!" अंबाकिस्ये म्हणाला.

दोघांच्या हेल्मेटमध्ये एकदम आवाज आला. "ही कबुली समजायची का?"

"नाही!" आम्ही दोघंही ओरडलो.

"विचारपूस?"

अंबाकिस्येने माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी होती.

"बराबर," मी म्हटलं.

मग कान्होबाने अगदी अदबीने विचारलं, "कोणत्या भाषेत?"